‘ॲप आहे ना, मग थेरपिस्ट कशाला?’ हे पटत नाही, का ते सांगते

सध्या एक मेसेज खूप फिरतोय, की डिप्रेशन असेल तर थेरपिस्टकडे जायची गरजच नाही, सीबीटीचं (म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीचं) ॲप घ्या, रिसर्चने सिद्ध झालंय, सगळं तेच मिळतं आणि कोणाला कळत पण नाही.

आधी ‘सिद्ध झालंय’ बघू. २०१७ मधे वोबॉट या मेसेजमधून सीबीटी शिकवणाऱ्या चॅटबॉटची ट्रायल झाली, त्यात ७० विद्यार्थी, तेही दोनच आठवडे, आणि दुसऱ्या ग्रुपला फक्त वाचायला ई-बुक दिलं होतं. फरक पडला, चांगलंच आहे, पण त्यावरून थेरपिस्ट नको असं कसं निघतं? २०१५ मधे ब्रिटनमधे ६९१ पेशंटवर कॉम्प्युटरवरच्या सीबीटीचा अभ्यास झाला, नेहमीच्या डॉक्टरी उपचारांपेक्षा जास्त फायदा काही दिसला नाही, निम्मे तरी लोक पहिल्या एक-दोन सेशनच्या पुढे गेलेच नाहीत.

आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते इथे. विचारांची नोंद, दिवसाचं छोटं प्लॅनिंग हे ॲप शिकवतं, मान्य, पण डिप्रेशनमधे उठून तोंड धुवायची ताकद नसते तिथे रोज ॲप उघडायचं कोणी? आठवड्यातून एकदा कोणीतरी फोन करून ‘या आठवड्यात काय जमलं, काय अडलं’ विचारणारं असेल तर माणूस टिकतो. २०२१ मधे बऱ्याच ट्रायल्सचा डेटा एकत्र करून पाहिला तेव्हा हेच दिसलं, पीएचक्यू-९ (डिप्रेशन किती आहे ते मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) चा स्कोअर ५ ते ९, म्हणजे सौम्य असेल तर ऑनलाइन सीबीटी एकट्याने केलं काय आणि कोणाच्या मदतीने केलं काय, फारसा फरक नाही, पण ९ च्या वर गेलं की माणसाची साथ असलेल्यांना जास्त बरं वाटतं. म्हणजे ॲप वाईट नाहीये, त्रास सौम्य असेल तर जरूर वापरा, मेसेजमधे हा ‘सौम्य असेल तर’ गाळलाय आणि त्यानेच नुकसान होतं.

‘कोणाला कळत नाही’ हेही तितकं खरं नाही. बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपी देणाऱ्या कंपनीने युजर्सची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक वगैरेंना दिली म्हणून २०२३ मधे अमेरिकेत त्यांना ७८ लाख डॉलर भरायला लागले.

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न स्वतःला इजा करायच्या विचारांबद्दल आहे. असे विचार येत असतील तर प्लीज ॲप बाजूला ठेवा आणि आत्ताच हेल्पलाइनला, डॉक्टरला नाहीतर जवळच्या माणसाला फोन करा.