इसरा आला का?

फाट्यावर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, केवायसी, पोरांच्या स्कॉलरशिपा, दिवसभर हेच. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव आहे, नाव लिहीत नाही. ज्यांना कळेल त्यांनी ते आपल्याजवळ ठेवावं.

मागच्या कार्तिकात आमच्या गावातला एक शेतकरी त्याच्याच वावरातल्या विहिरीत मेलेला सापडला. वय ३६. रात्रीची थ्री फेज लाइन होती म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला गेला, तो सकाळी परतलाच नाही. मोटार चालूच होती. पाणी हरभरा सोडून शेजारच्या पऱ्हाटीत घुसलं होतं. चपला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एकीला एक लावून ठेवलेल्या.

त्या चपलांवरून गावात किती रात्री गेल्या असतील सांगता येत नाही. चपला नीट ठेवल्या म्हणजे स्वतःहून उडी घेतली, असं एक जण म्हणायचा. नीट ठेवल्या म्हणजे मारणाऱ्यानं ठेवल्या, असं दुसरा. पाणी देणारा माणूस चिखलात उतरण्याआधी चपला काढतोच, हे कोणी म्हणत नव्हतं. म्हणणारे सगळे जन्मभर ओलित करणारे, आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू?

वर्ष होत आलं. खून, अपघात की आत्महत्या, कागदावर अजून काहीच ठरलेलं नाही. गावाचं मात्र पहिल्या दिवशी दुपारी बाराच्या आत ठरलं होतं. पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता आरोपी बदलत होते. आधी चुलतभाऊ, कारण दोन वर्षांपूर्वी धुऱ्यावरून मोजणी आणली होती. मग सावकार. मग बायको, कारण ती पहिल्या दिवशी रडली नाही. ती का रडली नाही ते मी पाहिलंय. जमादार मयताचं आधार कार्ड मागत होता आणि ती कपाटातल्या पिशव्या उपसत होती. कार्ड सापडलं, माझ्या दुकानात झेरॉक्स झाली, आणि तेव्हा दुकानातल्या स्टुलावर बसून ती अशी रडली की बाहेर उभी असलेली ऑटोतली माणसं उतरून पाहायला आली. पण ते ठेल्यावर पोचलं नाही. 'बाई रडली नाही' एवढंच पोचलं.

विदर्भात विहिरीत माणूस सापडला की आणखी एक प्रश्न लगेच येतो, तो बाहेरच्यांना कळणार नाही. पात्र की अपात्र? शेतकरी आत्महत्या पात्र ठरली तर कुटुंबाला १ लाख मिळतात, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. अपघात ठरला तर अपघात योजनेचे २ लाख. घातपाताचा संशय असेल तर तपास होईपर्यंत फाइल बसून राहते. हे फॉर्म मीच भरतो, त्यामुळं पाठ आहेत. तर तेरवीच्या पंगतीत, वांग्याची भाजी वाढत असताना, दोन शहाणी माणसं हिशेब करत होती की घरच्यांना 'अपघात' काऊन पाहिजे. माझ्या ताटापासून तीन ताटं पलीकडं. घरधनीण तिथंच वाढत होती.

आता माझं सांगतो. ते सांगायचं नसतं तर ही पोस्ट लिहिलीच नसती.

पोस्टमॉर्टेमच्या अहवालाची झेरॉक्स माझ्याकडंच निघाली. मयताचा मेहुणा घेऊन आला होता. कागद काचेवर उलटा ठेवताना मी वाचला. वाचायला नको होता. डोक्याच्या मागच्या बाजूला जखम, असं होतं. मृत्यूच्या कारणापुढं लिहिलं होतं की मत राखून ठेवलं आहे, व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे तुकडे, जपून ठेवला आहे. मेहुणा गेला आणि शेजारच्या कँटीनवाल्यानं विचारलं, काय होतं रे? मी म्हटलं, डोक्याला मार आहे म्हणे. चार शब्द. चहा यायच्या आत मी बाकीचं विसरलो होतो.

संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना सुटली तेव्हा देवळाच्या ओट्यावर एक म्हातारबुवा मलाच सांगत होते, "कुऱ्हाडीचा घाव हाये मानेवर, डाक्टरनं लिवून देल्लं." मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर 'तुला कसं माहीत' हे आलं असतं. त्या रात्री चुलतभावाच्या कोठ्यातली कुऱ्हाड पोलिसांनी नेली. ती पोलिसांनी परतही केली, दोनदा बोलावून त्याला सोडलंही. पण त्याच्या पोरीची ठरलेली सोयरीक मोडली. त्यानं वावर ठेक्यानं दिलं आणि बायकोच्या गावी जाऊन राहिला. तो निर्दोष आहे असं मी छातीठोक सांगत नाही, मला माहीत नाही. पण ती कुऱ्हाड मी दिलेली होती.

आणि जे मला खरंच माहीत होतं ते मी सांगितलं नव्हतं.

प्रेत काढलं तेव्हा मी विहिरीवर होतो. पोलीस यायचे होते. बादली पडली की काढायचा लोखंडी गळ असतो ना, तो गावात एकाच घरी आहे, तो आणला. दोरीला बांधून सोडला. दोनदा सुटला, तिसऱ्यांदा शर्टात अडकला. वर ओढताना प्रेत फिरलं आणि डोकं विहिरीच्या बांधकामाच्या दगडावर आपटलं. तो आवाज मला अजून येतो. दोरी धरणाऱ्या सहा जणांत मी तिसरा होतो. आमच्यापैकी एकानंही पंचनाम्याच्या वेळी हे सांगितलं नाही. जिवंतपणी झालेली जखम कोणती आणि मेल्यावर झालेली कोणती, हे डॉक्टरला बऱ्याचदा ओळखता येतं. पण गळ वापरला होता, दगड लागला होता, हे त्याला सांगणारं तर कोणी पाहिजे!

शिवाय काठावर त्या सकाळी दीड-दोनशे माणसं. कुणाच्या पायाचा ठसा आणि कुणाचं काय? मोबाइल विहिरीत पडला असेल म्हणून पोरांनी दोन मोटारी लावून अर्धी विहीर उपसली. मोबाइल घरी चार्जिंगला होता.

मला हे नंतर कळलं: जिवंत माणूस पाण्यात पडला तर श्वासाबरोबर पाणी आत ओढतो. त्या पाण्यातले शेवाळासारखे अतिसूक्ष्म जीव, डायटम म्हणतात त्यांना, रक्तातून हाडाच्या मगजापर्यंत जातात. म्हणून हाडाचा तुकडा आणि त्याच विहिरीचं पाणी, दोन्ही तपासायला पाठवतात. म्हणजे ज्या पाण्याला काही सांगायचं होतं ते आम्ही हरभऱ्यात सोडलं. पोलिसांनी उरलेल्यातून बाटली भरली.

या सगळ्यात पालवाल्यांचं राहिलंच. गावाबाहेर ई-क्लासच्या सरकारी जागेवर तेव्हा चार पालं होती, जडीबुटी विकणारी भटकी माणसं. दुसऱ्या रात्री गावाच्या ग्रुपवर कोणाचा तरी आवाज फिरला, 'पालवाल्यांले इचारा आधी.' इंग्रजांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण बोट पहिलं तिकडंच जातं. मला राईनपाडा आठवलं. १ जुलै २०१८, धुळ्याच्या साक्री तालुक्यात, भिक्षा मागायला आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं मुलं पळवणारी समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकली होती. त्यानंतरच व्हॉट्सॲपनं फॉरवर्डवर पाच जणांची मर्यादा आणली. आमच्या पोलीसपाटलानं त्या रात्री एक काम चांगलं केलं, स्वतः पालांजवळ जाऊन खाट टाकून झोपला. पहाटे पालं उठून गेली. 'पळाले म्हणजे तेच', हे अर्थात दुसऱ्या दिवशी आलंच.

भंडारा जिल्ह्यातलं मुरमाडी आठवतं का कोणाला? फेब्रुवारी २०१३. लाखनी तालुक्यात तीन सख्ख्या बहिणी विहिरीत सापडल्या. आधी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद, मग लोक रस्त्यावर, मग बलात्कार आणि खुनाचा गुन्हा, मग सीबीआय. देशभरचे कॅमेरे आले. मार्चमध्ये राज्यसभेत केंद्रीय गृहमंत्र्यांच्या निवेदनात त्या पोरींची नावंच वाचली गेली, जी कायद्यानं उघड करता येत नाहीत. ती मग कामकाजातून काढावी लागली. लोक रस्त्यावर आले ते बरोबरच होतं असं मला वाटतं, नाहीतर ते 'अकस्मात' मध्येच पडलं असतं. तेव्हा गप्प बसा असं मी कोणाला म्हणत नाहीये. रस्ता अडवायला हिंमत लागते, नाव-गाव लागतं. ठेल्यावर बसून बाईच्या चारित्र्याबद्दल बोलायला फक्त पुडी लागते.

आमच्याकडं मोर्चा नाही निघाला. जबाब घ्यायला जमादार गावात तीन दिवस येत होता, तेव्हाचं ऐका. ज्यांच्याजवळ रोज नवा आरोपी होता त्यांच्यापैकी एक दवाखान्यात गेला, एक लग्नाला, दोघं म्हणाले "आमाले काई मालूम नाई साहेब." कोर्टाच्या तारखा कोण करणार, ही भीती खरी आहे, मी हसत नाही तिला. कापसाची वेचणी सुरू, मजूर मिळत नाही, आणि तालुक्याला जाऊन दिवसभर बाकड्यावर बसायचं. पण अर्धी भीती अज्ञानाची आहे. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. बाईला किंवा साठीच्या वरच्या माणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. हे मी आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. लोक ऐकतात आणि पीकविम्याचं विचारतात.

मी गेलो चौदाव्या दिवशी. तेरवी झाल्यावर. गळाचं सांगितलं, दगडाचं सांगितलं, दोरी धरणाऱ्या बाकी पाच जणांची नावं सांगितली. त्यातले तीन माझ्याशी बोलत नाहीत. जमादारानं लिहून घेतलं आणि एवढंच विचारलं, "इतके दिवस कुठी होते?" त्याला काय सांगणार, फाट्यावरच होतो.

मयताची पोरगी चौथीत आहे. माझी पोरगी तिच्या वर्गात. शाळेत पोरं विचारतात, तुझ्या बाबाले कोनं मारलं? माझी पोरगी सांगत होती, ती रोज वेगळं उत्तर देते. एक दिवस काका, एक दिवस साप, एक दिवस चोर. विचारणाऱ्याला जे पाहिजे असेल ते देते आणि सुटी होईपर्यंत मोकळी होते. मी जेवत होतो, तसाच हात धुतला.

आणि त्याची आई. सत्तरीची असेल. व्हिसेरा हा शब्द तिला उच्चारता येत नाही, आपल्याकडं कोणालाच येत नाही, सगळं गाव 'इसरा' म्हणतं. मिठाच्या पाण्यात ठेवलेले आतड्याचे, काळजाचे तुकडे, बरणीला सील, बरणी प्रयोगशाळेत, असं मी तिला एकदा समजावायला गेलो आणि अर्ध्यात थांबलो. पोराचा काही भाग अजून कुठंतरी बरणीत आहे, एवढंच तिनं धरलं. म्हणून ती अस्थी सगळ्या सोडायला तयार नव्हती. दर बाजाराच्या दिवशी फाट्यावर येते. दुकानाच्या पायरीला हात टेकवून विचारते, "इसरा आला का, भाऊ?" पहिल्यांदा मला ऐकू आलं 'विसरा'. वाटलं, मलाच सांगतेय.

नव्या कायद्यात आहे की तपास कुठवर आला ते ९० दिवसांत फिर्यादीला, पीडिताला कळवायचं. पण गुन्हा दाखल होईल तेव्हा, आमच्याकडं अजून मर्गच आहे, म्हणजे नुसती अकस्मात मृत्यूची नोंद. तरी अर्ज करायला काय जातं? परवा तिच्या नावानं एक टाइप केला. तिनं प्रत्येक ओळ वाचून घेतली. 'संशयित' कोणाचं नाव लिहू का, असं मी विचारलं. ती बराच वेळ पायरीकडं पाहत राहिली. "मले काय मालूम बाप्पा. म्या पाह्यलं नाई." अख्ख्या वर्षात हे वाक्य मी गावात पहिल्यांदा ऐकलं. अंगठ्याला शाई लावली, अर्जावर टेकवला, पदराला पुसला. झेरॉक्सचे पैसे मी घेत नव्हतो, तर स्टेपलरखाली दोनाचं नाणं सरकवून गेली.

ठेल्यावरची माणसं ती रस्ता ओलांडेपर्यंत गप्प होती. मग एक जण खर्रा चोळत दुकानाच्या दारात आला.

"बुढीनं काय लिवून नेलं रे?"

"सातबारा," मी म्हटलं.