अब्जाधीशांचा मोर्चा

जून २०१०, ऑस्ट्रेलियातलं पर्थ. ट्रकच्या हौद्यावर उभ्या, गळ्यात मोत्यांची माळ घातलेल्या जीना राइनहार्ट "ॲक्स द टॅक्स" ओरडताहेत, म्हणजे हा कर छाटून टाका. सोबत अँड्र्यू फॉरेस्ट. दोघंही लोहखनिजावर अब्जाधीश. आणि खालची गर्दी त्यांच्या सुरात सूर मिसळतेय! हे दृश्य माझ्या डोक्यातून जात नाही.

पंतप्रधान केविन रड यांच्या सरकारने मे महिन्यात खाणींच्या 'सुपर प्रॉफिट'वर ४० टक्के कर जाहीर केला होता. रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या खनिजाबद्दल सरकारला द्यायची रक्कम, खाण तोट्यात असली तरी द्यावी लागते. हा कर मात्र भरपूर नफा झाला तरच.

समजा, टनभर खनिज काढायला ४० डॉलर लागतात आणि ते ६० ला विकलं जातं. उद्या चीनला पोलाद हवं म्हणून भाव १५० झाला. खड्डा तोच, डंपर तोच, डंपर चालवणाराही तोच. मग वरचे ९० कुणाच्या कर्तबगारीचे? शिवाय तिथलं जमिनीखालचं खनिज बहुतेक ठिकाणी सरकारच्या, म्हणजे जनतेच्याच मालकीचं. मालकाने आपल्या मालाची किंमत मागितली, एवढंच.

पण सरकारने व्याख्या काय केली? सरकारी रोख्याच्या व्याजापेक्षा जास्त परतावा मिळाला की तो 'सुपर'. कुणीही म्हणेल, रोख्याएवढंच कमवायचं तर खाणीत पैसा घालू कशाला! तोट्याचाही ४० टक्के भार सरकार उचलणार होतं, ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. कंपन्यांनी जाहिरातींवर दोन कोटींहून जास्त डॉलर ओतले. 'कंपन्यांनी जास्त द्यावं का?' हा प्रश्न मागे पडला, 'तुमची नोकरी जाईल का?' हा पुढे आला.

२४ जूनला रड यांची खुर्ची गेली (कारणं आणखीही होती). नव्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी बीएचपी, रिओ टिंटो आणि एक्स्ट्राटा या बड्या खाण कंपन्यांशीच बसून नवा कर ठरवला. ज्याला दंड करायचा त्यालाच पावती फाडायला सांगण्यातला प्रकार. फक्त कोळसा आणि लोहखनिज, दर ३० टक्के, त्यातही सूट. जुलै २०१२ पासूनच्या पहिल्या सहा महिन्यांत जमा झाले १२.६ कोटी डॉलर. वर्षाचा अंदाज होता २०० कोटींचा. २०१४ मध्ये टोनी ॲबट सरकारने तोही रद्द केला.

आता कॉमेंटमध्ये 'कर लावला तर कंपन्या पळून जातील' लिहिणाऱ्यांसाठी: नॉर्वेत तेलाच्या नफ्यावर ७८ टक्के कर आहे. तेल कंपन्या अजून तिथंच आहेत. जाताना समुद्राखालचं तेल सोबत नेता येत नाही ना.