वाकणार कोण?

काल सकाळी पावणेसातला आमराईत माझ्या हातून किल्ली पडली. घराची, एकुलती एक, निळ्या प्लॅस्टिकच्या गणपतीत अडकवलेली. पडली आणि माझ्यापासून दीड हातावर, बाकाच्या पुढ्यात गवतात जाऊन बसली. धडधाकट माणसाला हे काम दोन सेकंदांचं. मला १७ मिनिटं लागली, आणि त्यातली निदान १५ एका माणसाने खाल्ली.

माझं प्रकरण थोडक्यात सांगतो. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली, डाव्या पायाची नस दबली, मिरजेत ऑपरेशन झालं. काल तेविसावा दिवस होता. टाके निघालेत, कमरेला पट्टा आहे आणि फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. वाकायचं नाही. कंबर पिळायची नाही. २ किलोच्या वर उचलायचं नाही. एका जागी २० मिनिटांच्या वर बसायचं नाही. पलंगावरून उठताना लाकडाच्या ओंडक्यासारखं अख्खं कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटून उठायचं. चालायचं मात्र रोज, थोडं थोडं वाढवत. खाली लाल शाईत लिहिलंय की ताप आला, जखमेतून पाणी आलं, पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली तर तडक निघून या. डाव्या पायाचा अंगठा अजून झोपलेलाच आहे. डॉक्टर म्हणाले, दुखावलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, धीर धरा. कमरेपासून अंगठ्यापर्यंत टेप लावून बघायचं मनात आलं होतं, पण टेप खालच्या कप्प्यात आहे.

दवाखान्यात सिस्टर येता-जाता विचारायच्या, "दहापैकी किती दुखतंय?" आता सांगलीच्या माणसाला दहापैकी काय कळणार? आम्हाला फुटांत विचारा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फूट म्हणजे पुराचा इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. म्हणून घरी आल्यावर बायकोने हिशेबच बदलला. सकाळी चहा देताना विचारते, "आज आयर्विनला किती?" मी सांगतो, ३२, ३५, जे असेल ते. ऑपरेशनच्या आदल्या रात्री माझा डावा पाय २०१९ च्या ऑगस्टात होता. ५७ फूट.

तर किल्ली.

मी बाकाशेजारी उभा राहून तिच्याकडे बघत होतो तेवढ्यात एक आजोबा आले. माकडटोपी, टोपीला लाल गोंडा, अंगात स्वेटर, पायात पांढरे बूट. हातात काठी नाही, पिशवी नाही, मोबाईलसुद्धा नाही. दोन्ही हात मोकळे होते, हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

"पावणं, किल्ली पडली तुमची."

"हो ना. जरा देता का उचलून? कमरेचं ऑपरेशन झालंय, वाकता येत नाही."

इथे चुकलो. नुसतं "देता का" म्हणायला हवं होतं.

"आपरेशन केलासा?" त्यांनी टोपी कानावरून वर सारली. "गॅप हुता का नस दबली हुती?"

"नस."

"मग बगा की! नशीला कोण आपरेशन करतंय व्हय? आमचं मेव्हणं, कवठेमहांकाळचं, दोन महिनं आडवं पडून हुतं. मुताय सुदीक उचलून न्यायला लागायचं. शेवटाला गावात एक पायाळू बाई सापडली. तिनं फकस्त एक लाथ घातली कमरंत. एकच. चालत घरी आलं मेव्हणं."

"बरं झालं. ती किल्ली तेवढी—"

"कुठं जात्या किल्ली. ऐका. माझं वय किती वाटतंय?"

मला अठ्ठ्याहत्तर वाटत होतं. पण खूश झालेला माणूस वाकतो, या आशेने मी म्हणालो, "साठ-बासष्ट?"

"अठ्ठ्याहत्तर!" म्हणाले आणि खरंच वाकले. काय सांगू तुम्हाला, छातीवरचा दगड उतरला. गुडघे ताठ, कंबर अर्धी दुमडलेली, दोन्ही हातांची बोटं गवताला टेकलेली. डाव्या करंगळीपासून माझा निळा गणपती चार बोटांवर होता. टोपीचा गोंडा तर किल्लीवरच लोळत होता. आणि त्या अवस्थेत, उलट्या डोक्याने, ते मोजायला लागले. "येक... दोन... तीन..." दहापर्यंत. मग सावकाश वर आले. चेहरा टोमॅटोसारखा लाल आणि हात रिकामे.

"बगितलं?"

"बघितलं."

"ही सवय ठेवली असती, तर ही पाळी आली नसती तुमच्यावर."

मी आता हसून सांगतोय, पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते कमरेमुळे नव्हतं. तेवीस दिवस हेच चाललंय. भेटायला येणारा प्रत्येक माणूस घरात पाऊल टाकताच माझ्या कमरेचा तज्ज्ञ होतो. कुणी म्हणतं हळद-दूध घ्या (सांगलीत राहून मला हळद सांगतात), कुणी एरंडेल, कुणी म्हणतं मिरजेपेक्षा पुण्याला दाखवायचं होतंत. दाखवायचं होतंत! भोक पाडून झाल्यावर. २० मिनिटं झाली की मी कागदाप्रमाणे उठून उभा राहतो, तर त्यांना वाटतं मी त्यांना घालवतोय. एक मावसभाऊ तर त्यावरून रुसून गेला. जाताना त्याची पाण्याची बाटली पलंगाखाली घरंगळली, ती अजून तिथेच आहे. सल्ला न देणारी व्यक्ती मला एकच भेटली, आमच्या भांडीवाल्या मावशी. पहिल्याच दिवशी त्यांनी न्हाणीतली बादली उचलून स्टुलावर ठेवली, त्यात तांब्या उपडा घातला आणि भांडी घासायला बसल्या.

असो. फिजिओथेरपीवाल्या मुलीने एक युक्ती शिकवली होती. अगदीच नड असेल तर भक्कम आधार धरायचा, एक पाय पुढे, दुसरा गुडघा जमिनीला, पाठ सरळ. मी बाक धरला. दात-ओठ खात डावा गुडघा खाली नेला. पट्टा करकचून बरगडीत रुतला. मी आजोबांच्या बुटांसमोर, मान खाली, एक हात पुढे केलेला.

"आरं आरं आरं! ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या!" आजोबा गहिवरले. "येवढं काय त्यात? चार गोष्टी सांगितल्या माणुसकीनं." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी ऱ्हावा."

चालायला आलेल्या दोन बायका थबकल्या. एकीने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. हल्ली कुठे राहिलेत असे संस्कार, असं काहीतरी ती दुसरीला म्हणाली. मी किल्ली मुठीत घेतली. त्या हाताच्या वजनाखालून उठायला आणखी दोन मिनिटं लागली, कारण आशीर्वाद लांबला होता.

घरी बायकोने विचारलं, "आज आयर्विनला किती?"

"एक्केचाळीस."

"अगंबाई. काल तर चौतीस होतं."

"कोयनेत पाऊस नाही. आमराईत झाला."

आज किल्ली नाडीत ओवून गळ्यात घातली आणि मुद्दाम उशिरा, साडेसातला गेलो. आजोबा त्याच बाकावर. सोबत आणखी दोघं, तशाच टोप्यांतले.

"हे बगा, हेच ते," माझ्याकडे बोट दाखवत ते म्हणाले. "आपरेशन झाल्यालं माणूस. काल गुडघ्यावर आणलं ह्यास्नी. येका दिवसात!"

त्यातल्या एकाने लगेच सरकून मला बाकावर जागा केली. "माज्या बी मणक्यात गॅप हाय. किती दिवस करावं लागतंय?"

तिघेही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, माफ करा, मला २० मिनिटांच्या वर बसायची परवानगी नाही, आणि निघालो. बसलो नव्हतोच.