बर्लिनची नाकेबंदी उठली ती करारानं

'1948 साली स्टालिननं बर्लिनला वेढा घालून वीस लाख लोकांना उपाशी मारायचं ठरवलं. अमेरिकेनं चर्चेच्या भानगडीत न पडता विमानांतून अन्न टाकलं. अकरा महिन्यांत रशियानं गुडघे टेकले आणि बर्लिन मोकळं झालं, तेही एकही माणूस न गमावता.' जगात कुठेही एखादं शहर कोंडलं गेलं की हा मजकूर थोड्याफार फरकानं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. खाली निष्कर्ष ठरलेला: शत्रूशी बोलू नका, ताकद दाखवा. यातलं साल बरोबर आहे, महिनेही बरोबर आहेत. पण ज्या वाक्यावर हा निष्कर्ष उभा आहे तेच वाक्य खोटं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

'उपाशी मारायचं ठरवलं.' भांडण पेटलं ते चलनावरून. युद्धानंतर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ या चौघांत जर्मनीचे चार विभाग झाले होते आणि बर्लिनचेही चार. शहर मात्र पूर्णपणे सोव्हिएत विभागाच्या पोटात. 20 जून 1948 ला पाश्चात्त्यांनी आपल्या तीन विभागांत नवं मार्क चलन आणलं. सोव्हिएतांनी उत्तरादाखल आपलं चलन काढलं आणि ते सगळ्या बर्लिनला लागू असल्याचं जाहीर केलं. मग पाश्चात्त्यांनी पश्चिम बर्लिनमध्येही आपलं मार्क आणलं. 24 जूनला रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद झाले. मॉस्कोला हवी होती ती पश्चिम जर्मन राज्याच्या स्थापनेला खीळ, आणि नाहीतर निदान पाश्चात्त्यांची बर्लिनमधून पाठवणी. दोन्हींसाठी नाक दाबून तोंड उघडायचा हा डाव होता. डाव क्रूरच होता, यात शंका नाही. वीज दिवसाकाठी चारेक तास मिळत होती आणि हिवाळा लोकांनी थंडगार घरांत काढला. पण शहराच्या आतली सीमा तेव्हा उघडी होती. भिंत आली 1961 मध्ये. पश्चिमेतल्या माणसानं पूर्वेत नाव नोंदवलं तर तिथला शिधा मिळेल, असं सोव्हिएतांनी जाहीरही केलं होतं. तो शिधा घेणारे शेकडा पाचच्या आसपासच राहिले. बाकीच्यांनी वाळवलेले बटाटे आणि दुधाची भुकटी पत्करली. मजकुरात या लोकांना फक्त मदतीची वाट पाहणारी तोंडं करून टाकलंय, याचा मला सर्वांत जास्त राग येतो.

'विमानांतून अन्न टाकलं.' टाकलं नाही, उतरवलं. वरून टाकली ती चॉकलेटं. गेल हॅल्वर्सन हा वैमानिक रुमालाच्या छत्र्यांना गोळ्या-चॉकलेटं बांधून मुलांसाठी सोडायचा, तेच चित्र सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. रोजचा माल टेंपलहोफ, गाटो आणि पुढे टेगेल या विमानतळांवर उतरत होता. एकूण सुमारे 23 लाख टन मालापैकी जवळपास दोन तृतीयांश कोळसा होता. सुरुवातीचं रोजचं लक्ष्य 4,500 टनांचं होतं. असला बोजा छत्र्यांनी टाकता येत नाही. त्याला धावपट्टी लागते, गोदाम लागतं, पाळीनं राबणारे हमाल लागतात. टेगेलची धावपट्टी बर्लिनच्या हजारो स्त्री-पुरुषांनी तीनेक महिन्यांत बांधली, बहुतेक हातांनीच, युद्धात पडलेल्या इमारतींचा चुरा वापरून. तिच्या वाटेत सोव्हिएतांच्या ताब्यातल्या रेडिओचे मनोरे येत होते. ते 16 डिसेंबर 1948 ला फ्रेंच सेनापतीनं सरळ सुरुंग लावून पाडले.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण 'बर्लिनसारखं करा' म्हणणारे बहुतेक जण छत्र्यांनी पाकिटं टाकण्याबद्दल बोलत असतात. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. 4 जून 1987 ला भारतीय हवाई दलाच्या पाच एएन-32 विमानांनी श्रीलंकेतल्या कोंडलेल्या जाफनावर सुमारे 25 टन मदत टाकली. तो कोलंबोला दिलेला राजकीय इशारा होता, शहर जगवण्याचा बेत नव्हता. बर्लिनमध्ये तेवढा माल काही विमानं मिळून काही मिनिटांत उतरवत.

'अमेरिकेनं' हेही अर्धवट आहे. जवळपास पाव माल ब्रिटिशांनी नेला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेचे वैमानिकही त्यात होते. या साऱ्याला घड्याळाची शिस्त लावली ती विल्यम टनर या अमेरिकी सेनापतीनं. ती विद्या तो आसामातून शिकून आला होता. महायुद्धात आसामच्या तळांवरून हिमालय ओलांडून चीनला रसद पोचवणाऱ्या हवाई वाहतुकीचा तो प्रमुख होता.

'एकही माणूस न गमावता.' 39 ब्रिटिश आणि 31 अमेरिकी माणसं या मोहिमेत मेली, शिवाय तिथे काम करणारे जर्मनही. कोणी धुक्यात विमान कोसळून गेलं, कोणी धावपट्टीवर. गोळी सुटली नाही हे खरं. पण ही माणसं हिशेबातून वगळायचा अधिकार कोणालाच नाही.

'चर्चेच्या भानगडीत न पडता.' आता मूळ मुद्दा. पाश्चात्त्य पहिल्या महिन्यापासून बोलत होते. ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचे दूत मॉस्कोत खुद्द स्टालिनला भेटले. ते फसल्यावर प्रकरण सुरक्षा परिषदेत गेलं. तिथे तटस्थ देशांनी मांडलेला तोडगा 25 ऑक्टोबरला सोव्हिएतांनी नकाराधिकार वापरून पाडला. 'ताकद दाखवा' हा सल्लाही तेव्हा दिला गेला होता. जर्मनीतला अमेरिकी सेनापती क्ले सशस्त्र ताफा रस्त्यानं घुसवायला तयार होता, पण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी ते होऊ दिलं नाही. हवाई मार्ग वापरता आला तोही एका कागदामुळे. नोव्हेंबर 1945 मध्ये चौघांनी तीन हवाई पट्टे लेखी मान्य केले होते. रस्ता आणि रेल्वेबद्दल असा लेखी करार नव्हता आणि तीच फट सोव्हिएतांनी वापरली.

शिवाय पाश्चात्त्यांनीही उलटी नाकेबंदी लावली होती, हे या मजकुरात कधीच नसतं. पश्चिम जर्मनीतल्या रूर खोऱ्याचा कोळसा आणि पोलाद सोव्हिएत विभागाकडे जाणं बंद झालं आणि पूर्व जर्मनीच्या कारखान्यांना त्याची झळ बसू लागली. म्हणजे नाक दोन्हीकडून दाबलेलं होतं.

जानेवारी 1949 च्या अखेरीस एका अमेरिकी पत्रकाराच्या प्रश्नांना स्टालिननं लेखी उत्तरं दिली. त्यांत नाकेबंदी उठवण्याच्या अटी होत्या, पण चलनाचा उल्लेख नव्हता. ज्या चलनावरून भांडण पेटलं तेच गायब! वॉशिंग्टनमध्ये कोणाच्या तरी हे लक्षात आलं. 15 फेब्रुवारीला अमेरिकी मुत्सद्दी फिलिप जेसप यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आवारात सोव्हिएत प्रतिनिधी याकोव्ह मलिक यांना गाठून सहज विचारावं तसं विचारलं, की हा उल्लेख चुकून राहिला का? उत्तर यायला महिनाभर लागला. 15 मार्चला मलिक यांनी कळवलं, चुकून नाही. तिथून गुप्त बोलणी सुरू झाली.

ती चालू असताना विमानं थांबली नाहीत, उलट वाढली. एप्रिलच्या मध्यात एकाच दिवसात जवळपास 1,400 फेऱ्यांतून सुमारे 13,000 टन माल उतरला. हिवाळा काढल्यावर हा आकडा पाहून, शहर पडेल ही मॉस्कोची आशा संपली. विमानांचं श्रेय ते. त्यांनी बोलणाऱ्यांना वेळ मिळवून दिला आणि समोरच्याचा वेळ संपवला. पण कुलूप उघडलं ते 4 मेच्या चार राष्ट्रांच्या निवेदनानं. त्याच्या पहिल्या कलमात सोव्हिएतांनी 1 मार्च 1948 पासून घातलेले निर्बंध 12 मेला उठवायचं ठरलं आणि दुसऱ्यात पाश्चात्त्यांनी त्याच तारखेपासून घातलेले निर्बंध त्याच दिवशी. तिसऱ्यात 23 मेला पॅरिसमध्ये परराष्ट्रमंत्र्यांची बैठक. बैठक मॉस्कोला हवी होती, ती मिळाली. पश्चिम जर्मन राज्य मात्र थांबलं नाही. गुडघे टेकणाऱ्याशी असा बरोबरीच्या कलमांचा करार कोणी करत नाही.

'बर्लिन मोकळं झालं.' 12 मेच्या मध्यरात्री फाटकं उघडली, पहिल्या गाड्या आल्या, लोक रस्त्यावर नाचले. नऊ दिवसांनी रेल्वे पुन्हा ठप्प झाली. शहरभरची रेल्वे सोव्हिएतांच्या व्यवस्थापनाखाली होती, पगार पूर्वेच्या मार्कात मिळे, आणि पश्चिमेत राहणाऱ्या कामगाराला त्यात घर चालवता येईना. त्यांचा संप जूनच्या अखेरपर्यंत चालला. हवाई पूल, म्हणजे विमानांची ही ये-जाही, 12 मेला बंद झाला नाही. साठा भरून ठेवण्यासाठी विमानं 30 सप्टेंबर 1949 पर्यंत येतच राहिली. तोवर शहराचे दोन तुकडे पक्के झाले होते. नगरपालिका नोव्हेंबर 1948 च्या अखेरीस फुटली होती, डिसेंबरमध्ये पश्चिमेत वेगळं विद्यापीठ सुरू झालं होतं. नाकेबंदी उठली तरी यातलं काहीही पुन्हा जुळलं नाही.

रस्त्याचा हक्क तर 1949 च्या करारातही नीट लिहिला गेला नाही. नुसती 'पूर्वीसारखं' अशी अवस्था परत आली, आणि पूर्वी तर काही लिहिलेलंच नव्हतं. म्हणून पश्चिम बर्लिननं पुढची चाळीस वर्षं धान्य आणि कोळशाचे राखीव साठे बाळगले. जमिनीवरून ये-जा करण्याची स्पष्ट लेखी हमी मिळाली ती 3 सप्टेंबर 1971 च्या चार राष्ट्रांच्या करारात, दीड वर्षाच्या वाटाघाटींनंतर.