फॉक्सप्रोचा इनहेरिटन्स मोडलेला नाही हो, आधी बोल्ड अक्षरं बघा

सध्या आमच्या गोव्यातल्या बिलिंगचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांत एक मेसेज फिरतोय, म्हापशापासून मडगावपर्यंत चार जणांनी तरी मला पाठवला. म्हणणं असं की व्हिज्युअल फॉक्सप्रोत (मायक्रोसॉफ्टचं जुनं, डेटाबेसचे प्रोग्राम बनवायचं सॉफ्टवेअर) पॅरेंट क्लास, म्हणजे मूळ साचा, बदलला तरी त्यावरून बनलेले फॉर्म, म्हणजे स्क्रीन, बदलत नाहीत (साच्यातलं आपोआप खाली उतरणं म्हणजेच इनहेरिटन्स), मेथडमधला, म्हणजे क्लिक वगैरे केल्यावर चालणारा, कोड मधेच चालेनासा होतो, एक्झी, म्हणजे गिऱ्हाइकाकडे चालणारा तयार प्रोग्राम, जुनंच दाखवते, तेव्हा क्लासच्या नादी लागू नका, फॉर्म कॉपी करा नि मोकळे व्हा.

"फॉर्म बदलत नाहीत." बदलतात. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा डिचोलीच्या एका काजूवाल्याच्या प्रोग्राममध्ये मी लेबलच्या क्लासचं कॅप्शन (स्क्रीनवर दिसणारा मजकूर) 'व्हॅट'चं 'जीएसटी' केलं, 14 पैकी 11 फॉर्म बदलले आणि 3 जसेच्या तसे, मीपण फॉक्सप्रोलाच शिव्या घातल्या. मग त्यातला एक डिझायनरमध्ये उघडून प्रॉपर्टीजची विंडो बघितली तर कॅप्शन बोल्डमध्ये. बोल्ड म्हणजे ही व्हॅल्यू पॅरेंटकडून आलेली नाही, इथे कोणीतरी लिहिलीय. आणि तो कोणीतरी मीच, कधीतरी 'व्हॅट'वर परत 'व्हॅट' टाइप करून एंटर मारलेला! व्हॅल्यू तीच असली तरी एकदा फॉर्मवर लिहिली की पॅरेंटशी संबंध तुटला. राइट क्लिक, रीसेट टू डिफॉल्ट, झालं. तिथे हाताने 'जीएसटी' टाइप करू नका फक्त, पुढच्या वेळी तेच दुखणं परत. माऊसने खेचून साइज बदलली तरी हाइट-विड्थ अशीच तिथे लिहिली जाते, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

फॉर्म खूप असतील तर एकेक उघडत बसायची गरज नाही. फॉर्म ज्यात साठवला जातो ती एससीएक्स फाइल म्हणजे शेवटी टेबलच, बॅकअप घ्या, यूझ कमांडने उघडून ब्राउझ करा, प्रॉपर्टीज नावाच्या मेमोत (लांब मजकुराच्या रकान्यात) त्या ऑब्जेक्टवर काय काय लिहिलंय ते सगळं दिसतं.

"कोड चालेनासा होतो." चाइल्डच्या, म्हणजे पॅरेंटवरून बनलेल्याच्या, क्लिकमध्ये तुम्ही एक ओळ जरी लिहिली तरी पॅरेंटचा क्लिक आपोआप चालत नाही, अहो नुसती 'नंतर बघू' अशी कॉमेंट टाकली तरी नाही. दोन्ही हवं असेल तर डूडिफॉल्ट() लिहा, ते पॅरेंटचा कोड चालवतं. हा बग नाही, ओव्हरराइड म्हणतात त्याला.

"एक्झी जुनंच दाखवते." क्लास एक्झीतच बिल्ड झालेला असतो, तेव्हा परत बिल्ड करा आणि नवी एक्झी काउंटरवरच्या मशीनवर खरंच गेली का ते बघा. डिझाइन करताना जुनं दिसत असेल तर क्लास मेमरीत अडकलाय, क्लिअर ऑल कमांड मारा.

आता कॉपी-पेस्टचा सल्ला. माझे 3 फॉर्म अडले होते, कॉपी केले असते तर 14 च्या 14 हाताने करायला लागले असते, तेपण गिऱ्हाईक दुकानात उभं असताना.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी, 2004 ची 9.0 ही शेवटची आवृत्ती आणि 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टचा सपोर्टही संपला, त्यामुळे नवं काम यात सुरू करा असं मी कोणाला सांगणार नाही. पण त्याचा न बदलणाऱ्या लेबलशी काय संबंध?

मेसेज पाठवणाऱ्यांपैकी एकाला म्हटलं, पात्रांव, पुरावा दाखव. त्याने स्क्रीनशॉट पाठवला. फाँटसाइज बोल्डमध्ये आहे.