टाकीच्या झाकणाला तेल पाजू नका, भोक तर मुळीच बुजवू नका

मृगाचा पाऊस तोंडावर आला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो: मोटारसायकलच्या टाकीत पाणी जाऊ नये म्हणून घरगुती उपाय. झाकणाच्या कुलपात खोबरेल तेल किंवा इंजिन ऑइल सोडा, रबराला व्हॅसलीन नाहीतर ग्रीस जाड थापा, झाकणाजवळची बारीक भोकं एम-सीलने बुजवा, चावी अडली तर पकडीने फिरवा आणि रात्री झाकणावर प्लास्टिकची पिशवी ताणून बांधा. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण हे वाचून कुणी घाटात अडकू नये, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी भोकं, कारण तोच उपाय सगळ्यांत घातक आहे. मुळात इथे दोन वेगवेगळी भोकं आहेत आणि मेसेजवाल्याने त्यांचा गोंधळ केलाय. एक झाकणाच्या आत असतं, श्वासाचं. पेट्रोल खाली उतरलं की तेवढीच हवा वरून आत यावी लागते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गडगडत अडतं, दुसरं पाडलं की सरळ धार लागते, तसंच हे. श्वास बंद केला की गाडी थोडं अंतर नीट चालते, मग आचके देते आणि बंद पडते. झाकण उघडल्यावर 'सूंऽऽ' करून हवा आत जाते आणि गाडी पुन्हा सुरू होते. अशा वेळी प्लग बदलत, कार्बुरेटर खोलत बसणारे पुष्कळ. उलट गाडी उन्हात उभी असेल तर वाफ आत कोंडते आणि झाकण उघडताच पेट्रोल फसकन अंगावर येऊ शकतं. २०२० पासूनच्या बीएस ६ (प्रदूषणाचे नवे निकष पाळणाऱ्या) गाड्यांत वाफ नळीवाटे कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये, म्हणजे वाफ शोषणाऱ्या डबीत जाते; तरी हवा आत यायची वाट मोकळीच लागते.

दुसरं भोक टाकीत सपाट बसणाऱ्या झाकणांच्या गाड्यांत दिसतं. झाकण उघडलं की टाकीच्या तोंडाशेजारच्या खोबणीत ते असतं. पाहणाऱ्याला वाटतं, पाणी इथूनच टाकीत जातंय. तसं नाही. त्याची नळी टाकीच्या पोटातून, पण पेट्रोलला न शिवता, थेट गाडीच्या खाली निघते. खोबणीत साचलेलं पावसाचं पाणी वाहून जावं म्हणूनच ती ठेवलेली असते. ती मातीने तुंबली की पाणी रबराच्या कडेला तुंबून राहतं आणि पंपावर झाकण उघडलं की ते सरळ टाकीत. म्हणजे पाणी जाण्याचं खरं कारण बहुतेक वेळा हे तुंबलेलं भोक असतं, आणि मेसेज नेमकं तेच बुजवायला सांगतो! आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी धरतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतात. पेट्रोल खेचलं जातं तेही तळातूनच.

हे दुसरं भोक साफ करायला जाडसर तंगूस (मासे पकडायचा नायलॉनचा दोरा) घ्या. तार नको, नळीला भोक पडेल. तंगूस वरून हळूहळू सरकवा, खालच्या टोकाशी वाळलेला चिखल असेल तर तोही काढा. मग टाकीच्या तोंडात घट्ट बोळा बसवून खोबणीत चमचाभर पाणी ओता. गाडीखाली थेंब पडले की काम झालं. खोबण कोरडी पुसून मगच बोळा काढा.

आता कुलपाचं. आत पितळेच्या पातळ पट्ट्या आणि केसासारख्या बारीक स्प्रिंगा असतात. चावी घातली की पट्ट्या वरखाली सरकून एका रेषेत येतात. तिथे इंजिन ऑइल सोडलं की रस्त्याची धूळ त्यात कालवली जाते आणि पट्ट्या चिकटतात. खोबरेल तेल तर त्याहून वाईट. साधारण २४ अंशांच्या खाली ते गोठतं. डिसेंबरात नाशिकला बाटलीतलं तेल बाहेर येत नाही, मग कुलपातलं कसं हलेल? डब्ल्यूडी-४० हे स्प्रेचं तेलसुद्धा मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं आहे. मळ सोडवायला ते चांगलं, पण कायमचं वंगण म्हणून त्यावर विसंबू नका. कुलपाला कोरडं वंगण हवं: ग्रॅफाइटची पूड किंवा टेफ्लॉनचा ड्राय स्प्रे. झाकण उघडून टाकीच्या तोंडावर फडकं धरा, थोडंसंच मारा, चावी आतबाहेर करून फिरवा आणि पुसा. इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत, जवळपास विडी-काडी नसताना.

रबराचं थोडक्यात. ते पेट्रोलला टिकणारं असतं, त्याला पोसायची गरज नसते. जाड ग्रीसला माती चिकटते, रबर नीट बसत नाही, आणि ग्रीस पेट्रोलमध्ये विरघळून आत उतरतं. कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसा, एवढं पुरे. फारच चिकटत असेल तर सिलिकॉन ग्रीसचा बोटाने पुसट हात फिरवा आणि उरलेलं पुसून काढा. सिलिकॉन इंजिनात गेलं तर बीएस ६ गाडीचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग) खराब होतो. चिरा पडलेलं किंवा कडक झालेलं रबर मात्र बदलायचं. काही गाड्यांना ते सुटं मिळत नाही, अख्खं झाकण घ्यावं लागतं.

पकडीचा उपाय वाचून खरंच राग येतो. बहुतेक गाड्यांना इग्निशनला आणि झाकणाला एकच चावी असते. ती कुलपात मोडली की गाडी जागेवरच. तळहाताने झाकण खाली दाबा आणि मग चावी फिरवा. खालची जीभ रबराच्या ताणाने अडकलेली असते, दाबल्यावर ती सुटते.

पिशवीने आत दमट हवा कोंडते आणि सकाळी घाईत ती तशीच राहते. गाडीला आडोसा किंवा वरून सैल कव्हर पुरेसं आहे. धुताना मात्र प्रेशरची धार झाकणावर मारू देऊ नका.

ज्यांनी एम-सील आधीच लावलंय त्यांनी ते टाकीवर असतानाच खरवडू नये, तुकडे आत पडतील. झाकण स्क्रू काढून सुटं करा, टाकीचं तोंड फडक्याने बंद करा आणि झाकण बाजूला नेऊन साफ करा. श्वासाचं भोक मोकळं होत नसेल तर नवीन झाकण बसवा.