लिव्हरपूलचा इतिहास आणि सोलापूरचा वाचक : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा इतिहास समजून घेण्यासाठी कोणती पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत, या माझ्या लेखावर आपण प्रतिक्रिया लिहिलीत. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. मी सुचवलेल्या पुस्तकांत क्लबने स्वतः काढलेला अधिकृत इतिहास नाही. १९५९ साली व्यवस्थापक म्हणून बिल शँक्ली येण्यापूर्वीच्या काळाकडे मी दुर्लक्ष केले आहे. यादीत डेव्हिड पीस यांची कादंबरी घुसवली आहे. आणि पुस्तकांच्या किमती दिलेल्या नाहीत. एवढे चार ओळींत सांगून झाल्यावर आपण जे वाक्य लिहिलेत, ते जसेच्या तसे असे: “सोलापुरात बसून मध्यरात्री टीव्ही बघणाऱ्यांनी ॲनफिल्डचा इतिहास कसा वाचावा हे लोकांना शिकवू नये, आधी अधिकृत इतिहास वाचा, मग बोला.”

किमतींचा मुद्दा मला मान्य आहे. परदेशातून येणारी पुस्तके महाग पडतात आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला आधी तेच विचारावे लागते, त्यामुळे लेखात त्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. पुढच्या यादीत देईन.

कादंबरीबद्दल बोलायचे, तर ‘रेड ऑर डेड’च्या नावापुढे मी ‘कादंबरी’ असे स्पष्ट लिहिले होते आणि तिला यादीत सर्वांत शेवटचे स्थान दिले होते. लेख नीट न वाचता घेतलेल्या आक्षेपावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. शँक्लीपूर्व काळाचे म्हणाल, तर ॲनफिल्ड या मैदानाच्या भाड्यावरून एव्हर्टन क्लबशी बिनसल्यावर जॉन हाउल्डिंग यांनी १८९२ मध्ये नवा क्लब कसा उभा केला, तिथपासूनची हकिगत जॉन विल्यम्स यांच्या ‘रेड मेन’मध्ये आहे आणि ते पुस्तक यादीत आहे. नव्या वाचकाला तेवढे पुरते.

आता त्या वाक्याकडे वळतो.

मतभेदाचे मला कधीच वावडे नव्हते. आपण इंग्लंडमध्ये काही वर्षे राहिलात, ॲनफिल्डवर बसून सामने पाहिलेत, हे आपण प्रतिक्रियेत दोनदा सांगितले आहे, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्याने मैदान पाहिले त्यानेच त्या मैदानाचा इतिहास वाचावा आणि इतरांनी गप्प बसावे, हा नियम कोणी केला? ‘शिकवू नये’, ‘मग बोला’ ही भाषा जो पुस्तकांबद्दल बोलतो त्याच्या तोंडी शोभत नाही. माझ्या एका विद्यार्थी वाचकाने साधा प्रश्न विचारला होता की, सुरुवात कुठून करू. त्याला मी माझ्या वाचनातून उत्तर दिले. त्यात सोलापूरचा उद्धार करण्याचे कारण मला अजूनही सापडलेले नाही.

मध्यरात्री टीव्ही पाहतो, हे खरे आहे आणि त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. २००५ मध्ये लिव्हरपूलचा इस्तंबूलमधला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना आपल्याकडे सव्वाबाराला सुरू झाला, मध्यंतराला मिलान तीन गोलांनी पुढे होता, आणि घरातले सगळे झोपलेले असताना आवाज बंद करून मी तो शेवटच्या पेनल्टीपर्यंत पाहिला. त्यानंतर या क्लबबद्दल जे हाती लागले ते वाचत गेलो. उसनी घेतलेली पुस्तके होती, पुण्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आणलेली होती, ओळखीच्यांनी परदेशातून येताना आणून दिलेलीही होती. ॲनफिल्डवरच्या ज्या कॉप स्टँडचे नाव आपण अभिमानाने घेता, त्याला ते नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पियन कॉप या टेकडीवरून पडले. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धातली ती लढाई झाली तेव्हा तिथून जखमी सैनिक वाहून आणणाऱ्या हिंदी शुश्रूषा पथकात मोहनदास गांधी होते. तेव्हा त्या नावाशी आमचा संबंध नाही असे समजण्याचे कारण नाही, आणि हे मला ॲनफिल्डचे तिकीट न काढता वाचनातूनच कळले.

परंतु आपल्या वाक्यातला मला सर्वांत जास्त खटकलेला भाग ‘आधी अधिकृत इतिहास’ हा आहे, आणि माझी यादी ज्या विचारावर उभी आहे त्याच्याशीच तो भाग भिडतो. म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो.

मी गिरणी कामगाराचा मुलगा आहे. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा कामगारांच्या देण्यांबद्दल कागदावर काय लिहिले गेले आणि आमच्या घरात प्रत्यक्ष काय आले, हे मी जवळून पाहिले आहे. ज्या शहरात मी वाढलो त्या शहरात मे १९३० मध्ये मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली गेली. सरकारी दप्तरात ते पोलिसांच्या खुनाचे गुन्हेगार होते. आज त्यांचे पुतळे शहराच्या चौकात आहेत आणि सोलापुरातल्या शाळकरी पोरालाही ती चार नावे पाठ असतात. कोणतीही घटना घडली की तिचा शिक्कामोर्तब झालेला वृत्तान्त एक असतो आणि ज्यांच्यावर ती गुदरली त्यांचा दुसरा असतो, हे आम्हाला कोणी इंग्लंडहून येऊन सांगावे लागत नाही.

लिव्हरपूलच्या बाबतीत हा फरक जितका भीषण आहे, तितका फुटबॉलमध्ये अन्यत्र क्वचितच आढळेल. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध एफए कपचा उपान्त्य सामना होता. लेपिंग्ज लेनच्या बाजूला आधीच खच्चून भरलेल्या मधल्या कुंपणबंद भागांत आणखी गर्दी लोटली गेली आणि माणसे चिरडली. मृतांचा आकडा आज ९७ मानला जातो. बाहेरचे फाटक पोलिसांच्या आदेशावरून उघडले गेले होते. तरीही बंदोबस्ताच्या प्रमुखाने त्याच दुपारी सांगितले की, प्रेक्षकांनी ते जबरदस्तीने उघडले. हाच होता त्या दिवसाचा अधिकृत इतिहास. चार दिवसांनी एका वृत्तपत्राने तोच सूर पुढे नेत प्रेक्षकांवर किळसवाणे आरोप पहिल्या पानावर छापले, आणि १९९१ मध्ये मृत्यूंच्या पहिल्या चौकशीचा निकाल ‘अपघाती मृत्यू’ असा लागला.

फिल स्क्रेटन यांचे ‘हिल्सबरो : द ट्रुथ’ हे १९९९ चे पुस्तक मी यादीत पहिले ठेवले, त्याचे कारण हे आहे. त्यातली एक गोष्ट वाचल्यावर मला पुस्तक मिटून ठेवावे लागले होते. त्या दिवशी काय पाहिले ते पोलिसांनी नेहमीच्या खिशातल्या नोंदवहीत लिहू नये, कोऱ्या कागदावर लिहावे, असे त्यांना सांगण्यात आले. ते कागद वकिलांच्या नजरेखालून गेले आणि बंदोबस्तावर ठपका येईल असा मजकूर काढून टाकण्याच्या सूचना होऊन परत आले. आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीखाली सही करणाऱ्या साध्या शिपायाला त्यातली वाक्ये गाळून तोच कागद पुन्हा लिहायला लावायचे, असा तो प्रकार होता. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीचा अहवाल आला तेव्हा १६४ जबान्यांत मोठे फेरफार झाल्याचे आणि त्यांपैकी ११६ मधून पोलिसांना प्रतिकूल मजकूर काढला किंवा बदलला गेल्याचे उघड झाले. त्या समितीच्या संशोधनाचे नेतृत्व स्क्रेटन यांनीच केले होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये नव्या चौकशीतल्या ज्युरीने, हे मृत्यू बेकायदेशीर मनुष्यवध होते आणि प्रेक्षकांचा दोष नव्हता, असा निर्णय दिला. मृतांच्या घरच्यांना त्यासाठी २७ वर्षे थांबावे लागले. ज्या क्लबच्या इतिहासात हे घडले, त्याच्या नव्या वाचकाला तुम्ही सांगता की, आधी अधिकृत वाचा, मग बोला! हे वाक्य लिहिताना तुमचा हात अडखळला नाही, याचे मला वाईट वाटते.

यावर आपण म्हणाल की, पोलिसांचे कागद वेगळे आणि क्लबचा ग्रंथ वेगळा. मान्य, क्लबवर खोटेपणाचा आरोप मी करत नाही. पण क्लब जे पुस्तक स्वतः काढतो ते बहुधा चषकांच्या क्रमाने चालते, आणि ज्यांच्या वाट्याला चषक थोडे आले ती माणसे त्यातून निसटतात. हॉवर्ड गेल यांचेच पाहा. १९८१ च्या युरोपियन कपच्या उपान्त्य फेरीचा दुसरा सामना म्युनिकमध्ये बायर्नशी होता. केनी डॅल्ग्लिश नवव्या मिनिटालाच जखमी झाला आणि त्याच्या जागी गेल मैदानात उतरले. बायर्नच्या बचावफळीला त्यांनी त्या रात्री हैराण केले, पंचांनी त्यांना ताकीद दिली, आणि आता ते बाहेर काढले जातील या भीतीने व्यवस्थापक बॉब पेझली यांनी सत्तराव्या मिनिटाला त्यांना परत बोलावले. सामना १-१ असा सुटला, प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेल्या गोलामुळे लिव्हरपूल पुढे गेला आणि करंडकही जिंकला. आकडेवारीच्या तक्त्यात हे सगळे दोन आकड्यांत मावते: ९ वे मिनिट, ७० वे मिनिट. पण गेल हे लिव्हरपूलच्या पहिल्या संघातून खेळलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होते, त्याच शहरात जन्मलेले होते, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये शहरातल्या टॉक्स्टेथ भागात दंगली उसळल्या. खेळाडूंच्या खोलीत आणि प्रेक्षकांतून त्यांना काय ऐकावे लागले, ते त्यांच्या ‘६१ मिनिट्स इन म्युनिक’ या आत्मचरित्रात आहे. ते वाचल्याशिवाय १९८७ मध्ये जॉन बार्न्स हा कृष्णवर्णीय खेळाडू संघात आला तेव्हा काय बदलले आणि काय बदलले नाही, हे उमगत नाही.

सायमन ह्यूज यांची तीन पुस्तकेही मी याच कारणासाठी घेतली. ‘रेड मशीन’मध्ये ऐंशीच्या, ‘मेन इन व्हाइट सूट्स’मध्ये नव्वदच्या आणि ‘रिंग ऑफ फायर’मध्ये त्यानंतरच्या दशकातली माणसे स्वतःच्या तोंडाने बोलतात. ती एकमेकांच्या विरुद्ध बोलतात, काही जण आपली बाजू सावरून बोलतात, आणि वाचणाऱ्याला दोन म्हणणी शेजारी ठेवून स्वतः ठरवावे लागते. ती सवय एकदा लागली की मग कोणताही जाडजूड ग्रंथ निर्धास्त हातात द्यावा. उलट क्रमाने गेलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांना पेझली यांचे तीन युरोपियन करंडक १९७७, १९७८ आणि १९८१ असे घडाघडा म्हणता येतात, पण हा अबोल माणूस शँक्लीसारख्या गाजलेल्या व्यवस्थापकानंतर उभा कसा राहिला असे विचारले की ती गप्प होतात. इयन हर्बर्ट यांचे ‘क्वायट जीनियस’ हे पेझली-चरित्र यादीत आहे ते त्यांच्यासाठी.

ज्या अधिकृत इतिहासाचा आपण इतका आग्रह धरलात, त्याचे नाव मात्र आपल्या प्रतिक्रियेत कुठेही नाही. नाव आणि आवृत्ती कळवा, मिळवून वाचेन आणि त्यावर लिहीन. यादीचा क्रम तोवर आहे तसाच राहील: आधी स्क्रेटन, मग गेल, मग ह्यूज यांची तिन्ही, त्यानंतर हर्बर्ट, विल्यम्स आणि शेवटी पीस. ज्या विद्यार्थ्यासाठी ती केली होती त्याने पहिले पुस्तक मागवलेही आहे.